गाळलेली चार पानं

नागपूरहून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा माय अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसली होती. बा घरी नव्हता. कुठे गेला म्हणून विचारलं, तर मान वर न करता ती म्हणाली, "साहेब आला नं त्याचा. आता महिनाभर तुझा बा काही आपला नाई."

"कोणता साहेब?"

"किती साहेब आहेत त्याले? घरात दोन शब्द बोलाचे म्हटलं तं ह्याचा घसा बसते. अन् साहेब आला का तोंड बंद होत नाई. जा, तू बी जा, पाह्य कसा बोलून राह्यला तं."

आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्याला, सागवानाच्या सरकारी डेपोला लागून आहे. बा त्या डेपोत जमादार. जंगलातून आलेले लठ्ठे उतरवून घ्यायचे, त्यांच्या थप्प्या लावायच्या, हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, दिवशी व्यापाऱ्यांना दाखवायचे, हे त्याचं काम. साहेब म्हणजे तेच, ज्यांचं नाव आमच्या घरात लहानपणापासून नुसतं 'साहेब' असं घेतलं जायचं. इंग्रजांच्या काळात ते याच डेपोत नवखे वनअधिकारी म्हणून आले होते. पुढे चांद्याला, मग नागपूरला, लढाईच्या वर्षांत लाकूड पुरवठ्याच्या कचेरीत, आणि तिथून थेट दिल्लीला व्यापार खात्यात. आमच्या जंगलातला साग, लाख, हिरडा परदेशी किती पाठवायचा, किती राखायचा, हे ज्या टेबलावर ठरायचं त्या टेबलाशी ते बसत. आता सेवानिवृत्तीला थोडे महिने राहिले होते. नव्या अधिकाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं खात्याने त्यांना सांगितलं होतं आणि त्यासाठी ते आमच्याकडच्या विश्रामगृहात महिनाभर राहायला आले होते.

मी तिथे गेलो तेव्हा दोघं पडवीत होते. साहेब वेताच्या खुर्चीत, बा पायरीवर. उंच, वाळलेले, पुण्याकडचे गृहस्थ. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे माणसाकडे बघताना मान जरा तिरपी करायचे. बा हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि साहेब मोठ्याने हसत होते. बाला असा हात हलवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला बघून तो थांबला. एखादा परका माणूस आला की थांबतात, तसा.

"हा माहा पोट्टा जी," तो म्हणाला. "बी.ए. करून राह्यला."

"इंग्रजी लिहितोस?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"माझा दिल्लीचा लेखनिक आजारी पडून परत गेला. मला आता वाचता येत नाही, लिहिणं तर दूरच. मी सांगेन, तू उतरून घ्यायचं, पक्कं करून मला वाचून दाखवायचं. काम मनासारखं झालं तर नागपूरला व्यापार खात्याची नवी कचेरी उघडते आहे, तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र देईन. बी.ए. झालास की जाऊन भेट."

हे पत्र माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वसतिगृहातल्या इतर मुलांचे काका, मामा कुठे ना कुठे होते. कोणाच्या तोंडी एखाद्या कचेरीचं नाव निघालं की दुसरा म्हणायचा, तिथे आमचे अमुक आहेत. माझे कुठेच कोणी नव्हते. साहेबांचं पत्र मिळालं तर माझंही कोणी असणार होतं. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

रोज सकाळी सातला मी विश्रामगृहावर जायचो. साहेब बोलायचे, मी पेन्सिलीने उतरून घ्यायचो, आणि दुपारी घरी बसून शाईने पक्कं लिहायचो. ते अर्धं इंग्रजीत सांगायचे, अर्धं पुण्याच्या मराठीत. मी सगळं इंग्रजीत नीट बसवायचो. काम मला आवडलं. साहेबांची नोकरी ऐकताना वाटायचं, एवढ्या लांबचं जग आमच्या डेपोतल्या लठ्ठ्यांवर उभं आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. लढाईच्या दिवसांत वरून हुकूम आला होता की ठरल्यापेक्षा दुप्पट तोड करा. यांनी लिहून कळवलं, ऐंशी वर्षांचं झाड ऐंशी वर्षांनीच परत मिळतं, लढाई त्याच्या आधी संपेल. त्या उत्तरापायी त्यांची बढती अडली. पुढे दिल्लीत परदेशी साग पाठवण्याच्या एका बैठकीत व्यापारी मोठमोठे आकडे मांडत होते, तेव्हा यांनी विचारलं होतं, "यातलं किती ठोकून पाहिलंय?" कोणाला काही कळलं नाही, आणि सगळे हसले.

"दिल्लीत मला जंगली म्हणायचे," साहेब सांगत होते, "आणि इकडे वनखात्यात व्यापारी. दोन्हीकडे माझी खुर्ची जरा बाजूला असायची. लिहिलंस?"

"लिहिलं."

"खुर्चीचं नको लिहू."

अशा वेळी मला फार बरं वाटायचं. वाटायचं, हे ते मला सांगताहेत, कागदाला नाही. पण नेमका तेव्हाच बा यायचा. डेपोचं काम आटपून, टॉवेलने मान पुसत पायरीवर बसायचा, आणि साहेब वाक्य अर्धं सोडून विचारायचे, "काय भाऊ, आज काय उतरलं?"

साहेब बाला भाऊ म्हणायचे. मला ते शेवटपर्यंत 'तू' आणि 'अरे' म्हणाले. मी वयाने लहान होतो, ते बरोबरच होतं. पण तो 'भाऊ' मला दर वेळी बोचायचा.

बाजवळ जी गोष्ट होती ती म्हणजे त्याचा कान. सागाचा लठ्ठा बाहेरून कितीही सरळ, देखणा असला तरी आतून पोकळ असू शकतो. वाळवीने खाल्लेला असतो, नाहीतर झाड उभं असतानाच गाभा कुजलेला असतो. लबाड ठेकेदार टोकाला माती ठासून भोक बुजवतात. हे ओळखण्याची एक रीत आहे. एकाने एका टोकाला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका मारायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकायचं. डेपोत हे सगळेच करतात. पण बा ऐकायचा तेव्हा सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे गाडीवानसुद्धा बैल थांबवून उभे राहायचे.

एका सकाळी साहेब म्हणाले, आज बोलणं नको, डेपोत जाऊ. मोतीबिंदू घेऊन ते थप्प्यांमधून काठी टेकत फिरले. मग बाच्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि एका लठ्ठ्याला स्वतः ठोका मारला. बा पलीकडच्या टोकाशी कान लावून वाकला होता.

"भरला आहे जी," बा म्हणाला.

साहेबांनी दुसऱ्याला ठोका मारला.

"हा बी."

तिसऱ्याला. बाने कान काढला नाही. हाताने खूण केली, अजून एक. साहेबांनी परत मारला. दोघांच्या मध्ये वीस हात लांबीचा तो लठ्ठा होता, आणि तरी ते एकमेकांच्या कानात बोलल्यासारखे दिसत होते. मी वही घेऊन उभा होतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

"पोराला ऐकू द्या की," साहेब म्हणाले.

बा बाजूला झाला. मी वाकलो. लाकूड उन्हाने तापलेलं होतं, कानाला चटका बसला. ठोका आला. मला ठोका ऐकू आला, बाकी काही नाही.

"काय वाटतं?" साहेबांनी पलीकडून विचारलं.

मला ऐकू येत नाही असं म्हणता आलं असतं. पण मी म्हणालो, "भरीव आहे."

बाजूला उभा असलेला एक गाडीवान खो खो हसला. "अरे कॉलेजवाल्या, ह्या लठ्ठ्यात तं तुह्या पुस्तकाची पेटी मावते!" सगळे हसले. साहेबही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण बासुद्धा हसला, आणि हसताना साहेबांकडे बघून हसला.

त्या दुपारी मी जेवलो नाही. माय म्हणाली, "काऊन गा, साहेबानं उपाशी राह्याले सांगतलं का?"

"बा माझ्याशी असं का बोलत नाही?" मी विचारलं.

"कसं?"

"साहेबाशी बोलतो तसं."

माय पानांचा पुडा बांधता बांधता थांबली. "माह्याशी तरी कुठी बोलते? तू तं वर्षात दोन महिने राहते. मी बारा महिने राह्यते."

तिने ते हसत सांगितलं. पण ती खोटं बोलत नव्हती हे मला कळलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी साहेबांनी ती चार पानं सांगितली. बा तेव्हा तिथे नव्हता. साहेबांच्या नोकरीचं ते पहिलंच वर्ष होतं. मुंबईच्या बंदराच्या कामासाठी मोठे लठ्ठे पाठवायचे होते आणि ते निवडून ठेवण्याचं काम यांच्याकडे होतं. गोरा वरिष्ठ अधिकारी तपासणीला आला. यांनी निवडलेल्यांत एक लठ्ठा सगळ्यांत मोठा, सरळ, एकही गाठ नसलेला होता. गोरा साहेब त्याच्यावर खूष झाला. तेवढ्यात थप्पीमागून एक तरुण मजूर पुढे आला आणि म्हणाला, हा पोकळ आहे. ठेकेदार त्याच्या अंगावर धावले. तपासायचा तर लठ्ठा आडवा कापावा लागणार होता. कापला आणि भरीव निघाला तर सगळ्यांत किमती लाकडाचे दोन तुकडे होणार होते, आणि नवख्या अधिकाऱ्याची नोकरी कायम होण्याआधीच जाणार होती.

"मी त्याला विचारलं," साहेब सांगत होते, "पक्कं आहे का? तो म्हणाला, पक्कं आहे जी. मी कापायला सांगितलं. करवत चालली. आत भरीव. एकदम सोन्यासारखं लाकूड. ठेकेदार हसायला लागले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, अजून दोन हात वर कापा. मी म्हणालो, कापा. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. दोन हातांवर अख्खा हात आत जाईल एवढं भोक होतं, वाळवीच्या मातीने भरलेलं. गोऱ्या साहेबाने त्यात आपली काठी घालून पाहिली. माझी नोकरी त्या दिवशी कायम झाली असं समज. पुढे जे काही झालो ते तिथून. लिहून घे नीट. त्या माणसाने मला शिकवलं की विकण्याआधी ऐकायचं असतं. दिल्लीतही मी तेच केलं, फक्त ठोकायला लाकूड नव्हतं. माझ्या साऱ्या नोकरीत मला गुरू म्हणावा असा माणूस एकच, आणि तो तुझा बाप आहे."

मी उतरून घेतलं. माझ्या वहीची चार पानं भरली. एका ओळीतही माझा हात अडखळला नाही.

घरी येऊन मी शाईची दौत उघडली आणि पक्कं लिहायला बसलो. अठरा वर्षं, वीस वर्षं मी ज्या घरात वाढलो त्या घरात ही गोष्ट कोणी मला सांगितली नव्हती. ती मला परक्या माणसाकडून, लेखनिक म्हणून ऐकावी लागली. आणि मी रोज सात वाजता जाऊन, हात दुखेपर्यंत लिहून ज्याची वाट बघत होतो ते बाला पायरीवर बसल्या बसल्या मिळालं होतं. चार पानं. मला एक ओळ चालली असती. मला दोघांचाही राग आला. बाचा हेवा वाटत होता की साहेबांचा, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नीट कळत नाही.

मी लिहिलं, "या कामी डेपोतल्या एका अनुभवी मजुराची मदत झाली." बस, एवढंच. पुढे दुसरा परिच्छेद सुरू केला. सरकारी लिखाणात असंच शोभतं, असं मी स्वतःला सांगितलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की पक्कं झालं की कच्चे कागद ठेवायचे नाहीत. मी ती चार पानं मायजवळ दिली आणि तिने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना वाचून दाखवताना मी तो भाग त्यांनी सांगितला होता तसाच तोंडी म्हणून टाकला. मला तो शब्दन् शब्द पाठ झाला होता. समोर एक ओळ होती आणि मी चार पानं म्हणत होतो. त्यांना दिसत नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ठीक." त्या क्षणी मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, आता ही गोष्ट फक्त माझ्याजवळ आहे.

साहेब निघण्याचा दिवस आला. जीप चारला येणार होती. साडेदहाच्या सुमारास त्यांनी बाला बोलावून घेतलं आणि चक्क खुर्चीवर बसवलं. बा खुर्चीच्या काठावर टेकला होता.

"भाऊ, तुमच्याबद्दल लिहिलंय," साहेब म्हणाले. "पोरगा वाचेल. मराठीत सांग रे त्यांना."

मी कागद काढला आणि परत तेच केलं. या वेळी मराठीत. बा माझ्याकडे बघत होता. मी मोठा लठ्ठा सांगितला, करवत सांगितली, ठेकेदारांचं हसणं सांगितलं, काठी सांगितली. शेवटी ते गुरूचं वाक्य सांगितलं. ते वाक्य मी बाला सांगत होतो आणि ते माझं नव्हतं.

साहेबांनी बाच्या खांद्यावर हात ठेवला. बा नुसता "हो जी, हो जी" करत राहिला. मग साहेबांनी टेबलावरून एक पाकीट उचललं. "आणि हे तुझं," मला म्हणाले. नागपूरच्या त्या अधिकाऱ्याचं नाव वर लिहिलेलं होतं.

आम्ही दोघं घरी निघालो. पाकीट माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. डेपोच्या फाटकाशी आलो तेव्हा बा म्हणाला, "पान एकच होतं गा."

"काय?"

"तू वाचून राह्यला होता ते. एवढं मोठं सांगतलं, नं पान एक बी उलटलं नाई. डोये बी हालत नोते तुहे."

मी थांबलो.

"मले वाचता येत नाई," बा म्हणाला. "पर साहेबापाशी बसून मी लय जणं वाचताना पाह्यले. काऊन गाळलं?"

"सरकारी कागदात असं घालत नाहीत," मी म्हणालो.

"मंग बरोबर केलं," बा म्हणाला. "मले का कराचं आहे कागदात राहून? तुले चिठ्ठी भेटली नं? झालं मंग."

आणि तो चालायला लागला.

तो चिडला असता तर मी पाकीट घेऊन घरी गेलो असतो, हे मला नक्की माहीत आहे. भांडलो असतो, मायने समजूत घातली असती आणि जून महिन्यात मी ते पाकीट घेऊन नागपूरला गेलो असतो. पण तो चिडला नाही. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. साहेबांनी त्याला गुरू म्हटलं होतं आणि ते त्याने माझ्यासाठी खांद्यावरचा टॉवेल टाकावा तसं टाकून दिलं होतं. इथेही तोच मोठा झाला. मला ते सहन झालं नाही. मी परत फिरलो ते चांगुलपणाने फिरलो, असं कोणी समजू नये. निदान एक गोष्ट तरी मला त्याच्याइतकी करता यावी, एवढंच माझ्या मनात होतं.

साहेब पडवीत एकटेच होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "काय राहिलं?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. सांगताना माझी वसतिगृहातली मराठी कुठे गेली कोणास ठाऊक.

"मग मघाशी काय वाचलंस?"

"पाठ होतं जी."

"पाठ होतं, आणि लिहिलं नाहीस."

"नाई जी."

"का?"

मी म्हणालो, "तुम्ही त्याच्याविषयी चार पानं सांगितली. तो तुमच्याशी दिवसभर बोलते. माझ्याशी दोघं बी बोलत नाई." एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर, बी.ए.च्या शेवटच्या वर्षात जाणाऱ्या मुलाने हे असं बोलावं! मला आजही ते आठवलं की कान गरम होतात.

साहेबांनी हात पुढे केला. मी पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे ज्याच्याकडे जाईल तो माझ्या शब्दावर तुला ठेवून घेईल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तो तुझे कागद न वाचता सही करेल, जसा मी या महिनाभर करत आलो. मला आज तो शब्द देता येत नाही. ती पानं लिहून टपालाने पाठव. बाकीचं मग बघू."

जीप आली तेव्हा मी घरी होतो. बा पोचवायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात कागद घेऊन बसलो. पाठ होतंच, लिहायला वेळ लागणार नव्हता. पण लठ्ठ्याचं आलं तिथे मी अडलो. दोन हात वर पोकळी आहे हे बाला कसं कळलं असेल? ठोक्यावरून पोकळ आहे हे कळतं. कुठे आहे हे कसं कळेल? बा खाटेवर बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. मी विचारलं.

"नोतं कळलं," बा म्हणाला.

"म्हणजे?"

"आवाज मधी कुठी तरी दबला होता. बस एवढंच. पोकळ आहे का नाई ते बी पक्कं नोतं."

"पण तू साहेबाले पक्कं आहे म्हणून सांगितलं!"

"तू त्याले पाह्यला असता तं तू बी सांगतलं असतं." बाने दांडा डोळ्यासमोर धरून वाकडा आहे का ते पाहिलं. "गोरा साहेब येणार म्हून सकाळपासून हा थप्पीमागं जाऊन ओकून राह्यला होता. मी पाणी देल्लं. तुह्याच वयाचा होता. मी मधी बोललो खरा, मंग त्यानं इचारलं, पक्कं आहे का? आता नाई म्हटलं तं तो तिथंच पडला असता. मी म्हटलं पक्कं आहे."

"आणि दोन हात वर?"

बा हसला. "पह्यले कापलं नं भरला निंगाला. माहा जीव गेला. म्हटलं आता दोघं बी मेलो. तोंडातून निंगालं, दोन हात वर कापा. चार हात बी निंगालं असतं."

मी लिहिणं थांबवून त्याच्याकडे बघत राहिलो. तो हातवारे करत होता. कुऱ्हाडीचा दांडा गोऱ्या साहेबाच्या काठीसारखा धरून त्याने भोकात घालून दाखवला. माय चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली आणि तीही हसायला लागली.

"हे साहेबाले माहीत आहे?" मी विचारलं.

"नाई."

"कधीच सांगितलं नाही?"

"कायले सांगू? त्याची सारी नोकरी त्याच्यावर उभी. तुले सांगून राह्यलो. लिहू नोको."

त्या कागदांत मी ते लिहिलं नाही. साहेबांनी सांगितली होती तशीच चार पानं लिहिली, गुरूच्या वाक्यासकट, आणि टपालात टाकली. टाकताना मला जो आनंद झाला तो काही भला आनंद नव्हता, हे मला कळतं. दिल्लीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं, त्याचा तो आनंद होता. आता इथे लिहितो आहे, कारण साहेबांचे डोळे पूर्ण गेले असं ऐकतो, आणि हे कोणी त्यांना वाचून दाखवील असं वाटत नाही. बा म्हणेल, तरीही लिहायला नको होतं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. माझ्या नावावर असेल म्हणून मी पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. ते बाच्या नावावर होतं. कोणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. मी अंगणात उभं राहून त्याला वाचून दाखवलं. खोकला कसा आहे, नव्या थप्प्या लागल्या का, या वर्षी हर्रासाला गर्दी कशी आहे. शेवटी दोन ओळी होत्या: पानं मिळाली, ठीक आहेत. मुलाला सरकारी परीक्षेला बसू द्या. माझं पत्र देणार नाही, पण परीक्षेचं काही अडलं तर त्याने मला विचारावं.

त्या दोन ओळी मला गाळाव्याशा वाटल्या. मी वाचल्या.

"मंग बस परीक्षेले," बा म्हणाला. "अन् जवाब लिही."

मी नवं कार्ड आणलं. बा खाटेवर बसून सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. खोकला बरा आहे. कोरड्या नाल्याकडच्या जंगलातला माल यंदा चांगला आहे. दोन लठ्ठे पोकळ निघाले, ते वेगळे काढले. आंबट ढेकर येत असतील तर साहेबांनी इथून नेलेल्या मोहाच्या फुलांची भाकर खाऊ नये. कार्डाची एक बाजू भरली. दुसऱ्या बाजूला पत्त्याशेजारी जेमतेम एक ओळ मावेल एवढी जागा उरली. बा अजून सांगतच होता.

"बा," मी मध्येच म्हणालो, "माझं काही लिहू? परीक्षेचं?"

"तुहं का लिहाचं?" बा म्हणाला. "तू तं इथीच आहे."